साथीला फक्त गळा : डू-वॉप आणि ‘द पर्स्युएशन्स’

डू-वॉप ही चार-पाच गळ्यांची समूहगायन शैली दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा वर्षांत अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमध्ये घडली. न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, शिकागो, लॉस एंजेलिस ही तिची मुख्य ठाणी. गाणारे बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांमधले किशोरवयीन मुलगे होते. पुढे त्यांत मुलींचे आणि इटालियन वंशाच्या मुलांचे गटही मिसळले. शैलीला नाव मात्र फार उशिरा मिळाले. १९६१ मध्ये ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्रात ते छापून आले, तेव्हा तिचा बहर ओसरत आला होता. ती गाणारी पोरे स्वतःच्या गाण्याला ‘ग्रुप हार्मनी’ म्हणत, आणि जुने रसिक आजही तेच म्हणतात.

गटात साधारण पाच आवाज असतात. मुख्य गायक गाण्याचे शब्द आणि चाल सांभाळतो. त्याच्या वर, तार सप्तकात, पहिला टेनर तरंगत असतो. चोरट्या उंच आवाजात, म्हणजे फॉल्सेटोत, तो गाण्याच्या शेवटी मुख्य चालीच्याही वर झेपावतो. मधली जागा दुसरा टेनर आणि बॅरिटोन भरून काढतात. सर्वांत खाली खर्जातला बेस. भजनी मंडळात बुवांनी ओळ म्हटली की बाकीचे तीच ओळ त्याच सुरांत उचलतात. इथे एका क्षणी प्रत्येकाच्या गळ्यात वेगळा सूर असतो आणि ते सगळे सूर मिळून एक कॉर्ड तयार होते. त्यामुळे एकाने जरी खालचा-वरचा सूर लावला तरी पाचांची मेहनत वाया जाते. एकट्याने रियाज करून हे गाणे येत नाही.

असे असूनही स्वरलिपी न शिकलेल्या, संगीताच्या वर्गाचे तोंडही न पाहिलेल्या मुलांना हे साधले. त्याचे कारण या शैलीच्या सांगाड्यात आहे. असंख्य डू-वॉप गाणी सा, ध, म आणि प या स्वरांवर उभ्या केलेल्या चार कॉर्डवर चालतात आणि त्या त्याच क्रमाने फिरत राहतात. पहिल्या कॉर्डमध्ये सा-ग-प हे स्वर असतात, दुसरीत ध-सा-ग. म्हणजे पहिलीवरून दुसरीवर जाताना सा आणि ग धरणाऱ्यांनी जागा सोडायचीच नाही; पंचमावर असलेल्याने फक्त धैवतावर सरकायचे. तिसरी कॉर्ड म-ध-सा. पुन्हा दोघे जागच्या जागी आणि गंधारवाला एक पायरी वर, मध्यमावर. चौथ्या कॉर्डला, प-नी-रे वर येताना मात्र सगळ्यांनाच हलावे लागते, आणि नेमक्या त्याच जागी ऐकणाऱ्याला ‘आता घरी परतायचे’ अशी ओढ जाणवते. ‘ब्लू मून’ आणि ‘हार्ट अँड सोल’ या १९३०च्या दशकातल्या लोकप्रिय गाण्यांतून हा क्रम मुलांच्या कानावर आधीच बसला होता. आपापली जागा सापडली, शेजाऱ्याचा सूर कानात धरला की दहा मिनिटांत गाणे उभे राहायचे. ते सुरेल व्हायला मात्र महिने लागत.

ज्यांच्यामुळे ही शैली ओळखली जाते ती ‘डू-वॉप’सारखी निरर्थक अक्षरेही हौस म्हणून आलेली नाहीत. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा वाद्यांची कामे गळ्यांनी वाटून घेतली. उभ्या डबल बेसच्या तारेचा टणत्कार बेस गायकाने उचलला, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटचे फुत्कार टेनरांनी, आणि ठेका चुटक्यांवर आला. संथ गाण्यांत मागचे गायक हवा सोडल्यासारखा मऊ हुंकार भरत. त्याला त्यांच्यात ‘ब्लो हार्मनी’ म्हणतात. अक्षरे निवडण्यातही कसब होते. ओठ मिटून सुरू होणारे अक्षर ताल दाखवते, उघडा स्वर कॉर्ड पसरवतो. मार्सेल्स या पिट्सबर्गच्या गटाने १९६१ मध्ये ‘ब्लू मून’ गायले तेव्हा बेस गायकाच्या सुरुवातीच्या अक्षरांनीच गाणे गाजले; मूळ चाल लोकांना आधीपासून पाठ होती.

या पद्धतीची मुळे खोल आहेत. चर्चमध्ये गाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या चौकड्या, गोल्डन गेट क्वार्टेटसारखे व्यावसायिक धार्मिक गायक, न्हाव्याच्या दुकानांत रंगणारे बार्बरशॉप गायन ही तिची पूर्वपीठिका. १९३०च्या दशकात ओहायोमधल्या मिल्स ब्रदर्सनी गळ्यातून वाद्यांचे आवाज इतके हुबेहूब काढले, की एका गिटारशिवाय कोणतेही वाद्य वापरलेले नाही अशी सूचना त्यांच्या रेकॉर्डवर छापावी लागली. इंक स्पॉट्सनी १९३९ मध्ये उंच टेनर आणि मध्येच शब्द नुसते बोलून जाणारा बेस अशी जोडी रूढ केली. महायुद्ध संपल्यावर न्यू यॉर्कचे रेव्हन्स आणि बाल्टिमोरचे ओरिओल्स आले. ओरिओल्सचे ‘इट्स टू सून टू नो’ १९४८ मध्ये गाजले, आणि त्यांचा मुख्य गायक सनी टिल याचा हळवा, लाडिक आवाज पुढच्या पोरांना नमुना झाला. रेव्हन आणि ओरिओल ही पक्ष्यांची नावे. त्यानंतर फ्लेमिंगो, पेंग्विन, क्रो अशा नावांच्या गटांचा थवाच उतरला.

ही मुले दक्षिणेतली शेती आणि तिथला वर्णद्वेष मागे टाकून उत्तरेच्या कारखान्यांकडे आलेल्या कुटुंबांतली होती. घरे लहान, माणसे जास्त. त्यामुळे गाणे जिन्यात, इमारतीच्या दारात, शाळेच्या स्वच्छतागृहात, भुयारी रेल्वेच्या फलाटावर व्हायचे. फरशीच्या भिंतींवरून आवाज गुंजत परत येतो आणि पाच गळ्यांचा आवाज भरदार लागतो, हे त्यांना अनुभवाने कळले होते. चांगल्या गुंजीचा जिना ही मालमत्ता होती. त्यावरून गल्ल्यागल्ल्यांत चुरस चाले. न्यू यॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरमधली हौशी कलाकारांची रात्र हे पुढचे स्वप्न, आणि त्याही पुढे रेकॉर्ड.

रेकॉर्डिंगच्या कथा या साधेपणाला साजेशा आहेत. पेंग्विन्सचे ‘अर्थ एंजल’ १९५४ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका गॅरेजात ध्वनिमुद्रित झाले. फाइव्ह सॅटिन्सचे १९५६ मध्ये गाजलेले ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’ हे न्यू हेवन शहरातल्या सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात. ते लिहिणारा फ्रेड पॅरिस सैन्यात होता आणि चाल त्याला पहाऱ्यावर असताना सुचली होती. न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या कॅथलिक शाळेतल्या मुलींचा चँटेल्स, त्याच भागातल्या बेलमाँट अव्हेन्यूवरून नाव घेतलेला डिऑन अँड द बेलमाँट्स, असे गट एकामागोमाग येत गेले. बहुतेकांचे एकच गाणे चालले. त्यानंतर ते कारखान्यात, पोस्टात, सैन्यात परतले.

पैशाच्या बाबतीत ही कहाणी काळीकुट्ट आहे. कृष्णवर्णीय गटाचे गाणे चालू लागले, की मोठी कंपनी गोऱ्या गटाकडून तेच गाणे गाऊन घ्यायची आणि रेडिओवर तेच वाजायचे. ब्रॉन्क्सच्या कॉर्ड्स गटाचे ‘श-बूम’ १९५४ मध्ये लोकप्रिय गाण्यांच्या सर्वसाधारण यादीत पहिल्या दहांत गेले खरे, पण पहिला क्रमांक टोरंटोच्या गोऱ्या क्रू-कट्सनी गायलेल्या त्याच गाण्याला मिळाला. गीतलेखनाच्या श्रेयावर तर कंपनीचालक सरळ स्वतःचे नाव घालीत. फ्रँकी लायमन अँड द टीनेजर्सचे ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ १९५६ मध्ये आले तेव्हा लायमन तेरा वर्षांचा होता. गटातल्या दोघांनी, हर्मन सँटियागो आणि जिमी मर्चंट यांनी, गाणे आपले असल्याचा दावा केला. १९९२ मध्ये न्यायालयाने तो मान्यही केला. १९९६ मध्ये वरच्या न्यायालयाने मुदत टळल्याच्या कारणावरून निकाल फिरवला. लायमन स्वतः आवाज फुटल्यावर मागे पडला आणि १९६८ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, हेरॉइनने गेला.

१९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत आले आणि डू-वॉपचा बाजार उठला, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्याआधीच कृष्णवर्णीय श्रोते सोल संगीताकडे वळले होते. मुख्य गायक मोठा झाला आणि मागचे आवाज लहान झाले. चर्चमधला तडफदार सूर, तालवाद्ये, ब्रास यांच्यापुढे जिन्यातले हळवे गाणे पोरकट वाटू लागले.

आणि नेमक्या या पडत्या काळात, १९६२ मध्ये, ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंट भागात ‘द पर्स्युएशन्स’ हा गट जमला. जेरी लॉसन मुख्य गायक, जेओटिस वॉशिंग्टन आणि जो रसेल टेनर, हर्बर्ट ऱ्होड बॅरिटोन, जिमी हेज बेस. एक डेट्रॉइटचा, बाकीचे दक्षिणेकडून आलेले. बास्केटबॉलच्या मैदानावर ओळख झाली, खेळ संपला की गाणे सुरू व्हायचे. दिवसा नोकऱ्या, संध्याकाळी कोपऱ्यावर आणि भुयारी स्थानकात गाणे, असा क्रम काही वर्षे चालला. वाद्यवृंद त्यांच्याकडे नव्हता, आणि पुढेही त्यांचे बहुतेक गाणे वाद्यांविनाच राहिले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. डू-वॉपच्या सुवर्णकाळातल्या रेकॉर्ड बहुतांशी पूर्ण विनावाद्य नव्हत्या. स्टुडिओत गेल्यावर मागे ड्रम, पियानो, गिटार आणि एखादा सॅक्सोफोन असायचाच. रस्त्यावरचे खरे गाणे, म्हणजे वाद्यांविना गायलेले अ कॅपेला, तबकडीवर फारसे आलेच नव्हते. ते आले ते संग्राहकांमुळे. टाइम्स स्क्वेअरच्या भुयारी स्थानकातल्या अर्व्हिंग ‘स्लिम’ रोझ यांच्या दुकानात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शाळकरी पोरे दुर्मीळ जुन्या रेकॉर्डसाठी गर्दी करत. त्या वर्तुळातूनच रेलिक, कॅटमाउंट अशा छोट्या कंपन्या निघाल्या आणि त्यांनी वाद्याविना गाणाऱ्या नव्या गटांना ध्वनिमुद्रित केले. बाजाराच्या दृष्टीने हा खुळचटपणाच होता. पण कॅटमाउंटचे स्टॅन क्राउझ यांनी याच ओघात पर्स्युएशन्सचे गाणे टिपले आणि ते फ्रँक झॅपा यांना टेलिफोनवरून ऐकवले, असे सांगितले जाते.

झॅपा हे चक्रम आणि बंडखोर रॉक संगीतकार म्हणून ओळखले जातात, पण त्यांचे पहिले प्रेम डू-वॉप होते. १९६३ मध्ये त्यांनी पेंग्विन्ससाठी ‘मेमरीज ऑफ एल माँटे’ हे गाणे रे कॉलिन्सबरोबर लिहिले होते, आणि १९६८ मध्ये ‘क्रूझिंग विथ रूबेन अँड द जेट्स’ हा डू-वॉपची थट्टा आणि पूजा एकाच वेळी करणारा अल्बम काढला होता. त्यांच्या स्ट्रेट या कंपनीने १९७० मध्ये पर्स्युएशन्सचा ‘अकॅपेला’ काढला. पुढे १९७१ मध्ये ‘वी केम टू प्ले’, १९७२ मध्ये ‘स्ट्रीट कॉर्नर सिम्फनी’, आणि १९७३ मध्ये ‘वी स्टिल एन्ट गॉट नो बँड’. शेवटच्या नावाचा अर्थ ‘अजूनही आमच्याकडे वाद्यवृंद नाहीच’. कंपन्या त्यांना काय सुचवत असतील याचा अंदाज त्यावरून येतो. १९७७च्या ‘चर्पिन’मध्ये त्यांनी ‘लुकिंग फॉर ॲन एको’ गायले. तरुणपणी गुंजीची जागा शोधत हिंडणाऱ्या गायकांविषयीचे ते गाणे गायक केनी व्हान्स यांनी दोन वर्षे आधी ध्वनिमुद्रित केले होते, पण पर्स्युएशन्सच्या तोंडी ते आत्मचरित्रासारखे वाटते.

पर्स्युएशन्सचे वेगळेपण गाण्यांच्या निवडीत आहे. जुनी डू-वॉप गाणी ते गात, पण तेवढ्यावर थांबत नसत. सॅम कुक, कर्टिस मेफिल्ड, बॉब डिलन, चर्चमधली भजने, सगळे त्यांनी त्याच पाच आवाजांत बसवले. मोठ्या बँडसाठी लिहिलेले गाणे घ्यायचे, त्यातले वाद्यांचे काम कोणत्या गळ्याला देता येईल ते ठरवायचे, उरलेले सोडून द्यायचे. मांडणी लॉसनची असे. हेज यांचा बेस या साऱ्याचा पाया होता. ते नुसते मूळ स्वर धरून बसत नसत, चालत राहत, आणि त्यांच्या चालण्यातूनच ताल मिळे. विनावाद्य गाण्यात पट्टी हळूहळू उतरत जाण्याचा धोका कायम असतो. तो टाळायला पियानो नाही, तानपुरा नाही. बेस गायकाने खालचा सूर घट्ट धरणे आणि बाकीच्यांनी त्यावर कान ठेवणे एवढाच उपाय. पंधरा-वीस वर्षे एकत्र गायलेल्या गळ्यांना एकमेकांचा श्वास कुठे तुटणार हे ठाऊक असते. त्यांच्या रेकॉर्डमध्ये आवाज घासलेले, खरखरीत आहेत. पॉलिश केलेला गुळगुळीतपणा नाही. ज्यांना डू-वॉप म्हणजे गोड गाणी एवढेच माहीत आहे, त्यांना हे ऐकताना सुरुवातीला धक्काच बसतो.

रेकॉर्ड कधीच खपाच्या यादीत वर गेल्या नाहीत. गट जगला तो कार्यक्रमांवर आणि इतर कलाकारांच्या आदरावर. गायिका जोनी मिचेल यांनी १९७९च्या दौऱ्यात त्यांना सोबत घेतले. त्या दौऱ्यातल्या ‘शॅडोज अँड लाइट’ या १९८०च्या अल्बममध्ये जॅझमधले नामांकित वादक आहेत, आणि त्यांच्या शेजारी पर्स्युएशन्स मिचेलबरोबर फ्रँकी लायमनचे तेच १९५६चे गाणे गातात. १९९० मध्ये चित्रपट दिग्दर्शक स्पाइक ली यांनी अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीसाठी केलेल्या विनावाद्य गायनाच्या कार्यक्रमात ते दक्षिण आफ्रिकेच्या लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो या गायकगटाबरोबर दिसले. २००० मध्ये त्यांनी झॅपांच्या गाण्यांचा एक आणि ग्रेटफुल डेड या बँडच्या गाण्यांचा एक, असे दोन अल्बम काढले. झॅपांची गाणी वादकांनाही अवघड जातात. ती नुसत्या गळ्यांत उतरवणे हे ऋण फेडणेही होते आणि आव्हान घेणेही.

अशा गटाला सर्वांत मोठा धोका माणूस जाण्याचा. १९८८ मध्ये दौऱ्यावर असताना हर्बर्ट ऱ्होड यांचे निधन झाले. बॅरिटोन हा श्रोत्याला वेगळा असा ऐकू न येणारा आवाज, पण तो गेला की कॉर्डच्या पोटातच पोकळी पडते. उरलेले चौघे आवाजांची फेरमांडणी करून गात राहिले. २००३च्या सुमारास लॉसन बाहेर पडले. चाळीस वर्षे ज्याच्या आवाजाने गट ओळखला गेला तोच गेल्यावर नाव टिकवायचे की नाही, हा प्रश्न होता. उरलेल्यांनी नवे गायक घेऊन ते टिकवले. लॉसन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉक ऑफ द टाउन या गटाबरोबर गायला सुरुवात केली, २०१० मध्ये ‘द सिंग-ऑफ’ या दूरचित्रवाणी स्पर्धेत नातवंडांच्या वयाच्या गटांसमोर ते उभे राहिले, आणि २०१५ मध्ये वाद्यवृंदासह त्यांचा पहिला एकल अल्बम आला. २०१९ मध्ये ते वारले.

जुन्या गटाचे नाव कोणाचे, हा प्रश्न डू-वॉपमध्ये पर्स्युएशन्सपुरता नाही. १९६९ मध्ये रिचर्ड नेडर यांनी न्यू यॉर्कमध्ये जुन्या गायकांचे मोठे पुनरुज्जीवन कार्यक्रम सुरू केले, १९७३च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ चित्रपटाने ती गाणी पुन्हा घराघरांत नेली, आणि स्मरणरंजनाची एक बाजारपेठ उभी राहिली. बाजार आला तसे तोतयेही आले. प्लॅटर्स, कोस्टर्स, ड्रिफ्टर्स या नावांनी एकाच वेळी अनेक गट गाऊ लागले, ज्यांत मूळ माणूस एकही नव्हता. शा ना ना गटाचे जॉन ‘बाउझर’ बाउमन आणि सुप्रीम्सच्या मेरी विल्सन यांनी याविरुद्ध मोहीम चालवली आणि तिसाहून अधिक राज्यांनी ‘ट्रूथ इन म्युझिक’ नावाचे कायदे केले. मूळ ध्वनिमुद्रणातला निदान एक गायक गटात हवा, किंवा नावाचा कायदेशीर हक्क हवा, नाहीतर हा मानवंदना देणारा गट आहे असे जाहिरातीत स्पष्ट लिहायला हवे, असा त्यांचा साधारण आशय.

याच्या पलीकडे खरी देखभाल झाली ती छोट्या मंडळांत. न्यू जर्सीत रॉनी इटालियानो यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या ‘युनायटेड इन ग्रुप हार्मनी असोसिएशन’ने सुमारे तीन दशके नियमित मैफली घेतल्या, विसरलेल्या गायकांना शोधून पुन्हा एकत्र उभे केले. १९९९ मध्ये पिट्सबर्गमध्ये चित्रित झालेल्या ‘डू वॉप ५०’ या कार्यक्रमाने सार्वजनिक दूरचित्रवाणीला भरघोस देणग्या मिळवून दिल्या. त्यात साठी ओलांडलेले टेनर त्यांच्या सोळाव्या वर्षीचे सूर गाठताना दिसतात. काही पोहोचतात, काहींची पट्टी खाली आणलेली असते.

अमेरिकेतल्या महाविद्यालयांमध्ये आज अ कॅपेला गटांची मोठी चळवळ आहे आणि रॉकापेलासारख्या व्यावसायिक गटांची वाट पर्स्युएशन्सनी आधी चालून ठेवली होती. पण पद्धत बदलली आहे. आता एक जण तोंडाने ड्रम वाजवतो, प्रत्येकाच्या हातात मायक्रोफोन असतो आणि पंधरा-वीस गायकांची मांडणी आधी कागदावर लिहिली जाते. पर्स्युएशन्सच्या पठडीत तोंडी ड्रमला जागा नव्हती. तिथे ठेका चुटकीचा आणि बाकी सगळा भार बेस गायकावर. म्हणूनच त्या पठडीतला गट जमवायचा तर सर्वांत आधी खर्जातला माणूस हवा.